जांभळाखालचा चौथा कोपरा

परवा सकाळी जिन्यात तिसऱ्या पायरीवर जांभळाचा डाग दिसला. कोणाच्या तरी चपलेखाली चिरडलेलं जांभूळ, शेजारी बी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी असल्या डागांवर फार चिडतात. त्यांनी दुपारच्या आत फिनेल टाकून पायरी पुसून घेतली, पण जांभळाचा डाग फिनेलला भीक घालत नाही. तो नुसता फिका झाला. मे संपत आला, हे मला कॅलेंडरच्या आधी त्या पायरीनं सांगितलं.

आंब्याचं कौतुक सगळ्या जगाला आहे. बदलापूरच्या माणसाचा आवाज मात्र जांभळाच्या गोष्टीला चढतो. इथलं जांभूळ कसं टपोरं, बी कशी लहान, गर कसा जास्त, हे पाहुण्याला ऐकून घ्यावंच लागतं. आम्ही बदलापूरच्याच सोनिवलीत राहतो. इमारतीच्या मागच्या भिंतीपलीकडे जांभळाची चार झाडं अजून उभी आहेत, यमुनाबाईंच्या घरची. यमुनाबाई बदलापूर गावातल्या. त्यांच्या शेताच्या जागी आता आमच्यासारख्यांच्या इमारती आहेत आणि तरीही त्या आमच्याशी हसून बोलतात, याचं मला कायम नवल वाटतं.

तर जांभूळ. डाग पाहिला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी आधी घरात नवरा कुठे आहे ते बघून येते आणि मग माझ्या तोंडाला पाणी सुटतं. चार वर्षांपूर्वी याच हंगामात एक दुखणं माझ्या घरात येऊन बसलं होतं. त्याचं नाव काय, हे मला ठाऊक नव्हतं. खरं तर ठाऊक असायला हवं होतं. बत्तीस वर्षं मी अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर तीन रकाने आखायचे: रोग, कारणे, लक्षणे. हिवताप, कावीळ, विषमज्वर. पोरं कारण लक्षणात लिहायची आणि लक्षण कारणात, आणि मी त्यांच्या वह्यांवर लाल फुल्या मारायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरात लक्षणं रांगेनं उभी होती आणि मी त्यांना कारणं समजून पुढे जात होते.

सुधाकर माझा नवरा. आम्ही अंबरनाथच्या एकाच कॉलनीत वाढलो, म्हणून आमच्यात पहिल्यापासून अरेतुरे. एका केमिकल कंपनीत तो छत्तीस वर्षं होता, शेवटी शिफ्ट इनचार्ज. निवृत्तीनंतर आम्ही कंपनीचं क्वार्टर सोडून इथे आलो. पहिल्याच मे महिन्यात एका सकाळी हा खाली गेला तो दोन तासांनी परत आला, शर्टावर जांभळे ठिपके घेऊन. दारातच उभं राहून त्यानं मला जीभ काढून दाखवली. साठीच्या माणसाची जांभळी जीभ. मी म्हटलं, "शोभतं का?" तर म्हणाला, "मी कोपरा धरला. ही माझी कमाई."

झालं होतं असं, की जांभूळ जमिनीवर पडलं की फुटतं, माती लागते, मग त्याला बाजारात कोणी हात लावत नाही. म्हणून यमुनाबाईंचे दीर झाडावर चढून फांदी हलवतात आणि खाली चौघं जण जुनी चादर चार कोपऱ्यांनी ताणून धरतात. एक कोपरा यमुनाबाईंचा, एक त्यांच्या सुनेचा, एक जावेचा. चौथा, जो सकाळी मोकळा सापडेल त्याचा. कोपरा धरणाऱ्याला पहिल्या पाटीतली ओंजळभर जांभळं पळसाच्या पानात मिळतात, आणि ती विकायची नाहीत, तिथेच उभ्या उभ्या खायची. यमुनाबाई त्याला 'कोपऱ्याची जांभला' म्हणतात. त्या वर्षी हंगामभर चौथा कोपरा सुधाकरनं कोणाला मिळू दिला नाही.

आणि पुढच्याच वर्षी तो खाली उतरला नाही.

एकदम नाही झालं ते. होळीच्या सुमारास तो पहाटे साडेतीनला उठू लागला. उठून हॉलमध्ये बसायचा, दिवा न लावता. मी म्हटलं, शिफ्टचं शरीर आहे. आमच्या ओळखीत सगळे कंपनीतले. कोणालाही सांगा, मान डोलवणार. "वहिनी, पहिल्या पाळीची सवय मेल्याशिवाय जात नाही." मग तो बोलेनासा झाला. त्यालाही उत्तर तयार होतं, की जन्मभर मशीनच्या आवाजात काढलेल्या माणसाला बोलायची सवय कुठून असणार. जेवण निम्म्यावर आलं. गॅसनं जिभेची चव मारली, कंपनीतल्या सगळ्यांचंच होतं असं. पँट सैल झाली तेव्हा त्यानं पट्ट्याला खिळ्यानं एक भोक पाडलं, मग दुसरं. मला ते काटकसरीचं वाटलं. छत्तीस वर्षांच्या कारखान्यानं आम्हाला प्रत्येक लक्षणासाठी एकेक कारण तयार करून ठेवलं होतं, आम्ही ते फक्त उचलायचो.

एकदा भाजी आणायला त्याला स्टेशनजवळ पाठवलं. तासभर झाला तरी पत्ता नाही म्हणून मी गेले, तर हा भाजीवालीसमोर उभा. एका हातात दुधी, एका हातात दोडका. भाजीवाली म्हणाली, "ताई, काका कवाचे हितंच उभे हायेत." मी चारचौघांत म्हटलं, "इतकंही ठरवता येत नाही? शिफ्ट कशी चालवलीस रे?" तो हसला नाही, चिडलाही नाही. दोन्ही भाज्या खाली ठेवून माझ्यामागून चालत घरी आला. चार वर्षं झाली, पण मला माझं ते वाक्य अजून ऐकू येतं.

उपाय मी पुष्कळ केले. मी गप्प बसणारी बाई नाही. आल्याचा काढा, सकाळचं फिरणं, ज्येष्ठांचा हास्यक्लब. 'मन रमव', 'छंद लाव', 'आपल्याला काय कमी आहे, लोकांकडे बघ', ही तर दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. लोकांकडे बघ म्हटलं की तो आणखी खाली बघायचा. एकदा पुटपुटला, "मी तुला ओझं झालोय." मी म्हटलं, "झालायसच. ऊठ, आंघोळ कर." मला वाटलं, मी थट्टेनं त्याला हलकं करतेय.

आणि ती वही.

एप्रिलमध्ये त्यानं एक शंभर पानी वही आणली आणि रोज थोडं थोडं लिहू लागला. मला बरं वाटलं, चला, काहीतरी करतोय. वहीत घरातलं सगळं होतं. पाण्याची टाकी मंगळवारी तपासायची. मेन व्हॉल्व्ह बेसिनखाली, उजवीकडे फिरवला की बंद. गॅसची नळी कधी बदलली. प्लंबर कोण, इलेक्ट्रिशियन कोण, कोणाला दोनदा फोन करावा लागतो. कोणते कागद कोणत्या फायलीत. मग त्यानं मला एकेक गोष्ट करून दाखवली आणि माझ्याकडून करून घेतली. व्हॉल्व्ह फिरवताना माझा हात घसरला तर म्हणाला, "पुन्हा कर. तुला यायला हवं." लग्नाला इतकी वर्षं होऊन हा माणूस पहिल्यांदा मला घराची कळ हातात देतोय, म्हणून मी सुखावले. बहिणीला फोन करून सांगितलं, बघ, किती व्यवस्थित आहे आमचा.

कंपनीत पाळी संपली की उठून चालू पडायचं नसतं. कोणता व्हॉल्व्ह उघडा, कोणती टाकी भरलेली, कुठे गळती, सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं, पुढच्या माणसाला दाखवायचं आणि मगच गेटबाहेर पडायचं. त्याला चार्ज देणं म्हणतात. छत्तीस वर्षं मी या माणसाचे डबे भरले, हा शब्द लाखदा ऐकला. तो मला चार्ज देत होता आणि मी कौतुक करत होते.

मे सरत आला. खालून हाक आली, "जांभलाऽऽ". सुधाकरनं कूस बदलली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी यमुनाबाई पाटी डोक्यावर घेऊनच दोन जिने चढून वर आल्या.

"मास्तरीनबाय, सायेब कुठं हाईत? चार दिस कोपरा रिकामा हाय. खांबाला बांधतंय मी चादर."

"पडलाय आत. आळस, दुसरं काय," मी म्हटलं. तक्रार करायला माणूस मिळालं की मला सुटत नाही. "खात नाही, बोलत नाही, पहाटेपासून बसून असतो."

यमुनाबाईंनी पाटी उतरवली. मला वाटलं, जांभळं मोजतील. त्या सरळ आत गेल्या आणि पलंगाशेजारी फरशीवर बसल्या. सुधाकर उठून बसला, गडबडून. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"सायेब, एक इचारू? जीव नकोसा झालाय काय?"

मला राग आला. खरं सांगते, सणसणून राग आला. असं कोणी विचारतं? माझ्या घरात येऊन, दिवसाढवळ्या, असलं अभद्र? मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सुधाकर म्हणाला, "हो."

"मरून जावा, असा वाटतं?"

"वाटतं. रोज पहाटे." मग माझ्याकडे न बघता, "हिला सगळं शिकवून झालंय."

टेबलावर वही होती. मी ती पाहिली. दाराची चौकट धरून मी उभी राहिले.

यमुनाबाई घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "माजं पन असंच झायलं व्हतं. धाकट्या पोरीच्या येलेला. पोर रडायची, मना कायच वाटत नवता. दूध आटलं. सासू म्हनाली, बाहेरचं हाय. भगत आनला, लिंबू कापलं, कोंबडा फिरवला. कोंबडा भगतानं खाल्ला, मी हाय तशीच. मंग नर्सबाईनं धरून उल्हासनगरला नेलं, सरकारी दवाखान्यात. तिथं मनाची डाक्टरीन बसतं. गोली दिली, बोलली माज्यासंगं. ती पोर आता कालेजात हाय." त्यांनी पाटीतून ओंजळभर जांभळं काढून पलंगावर ठेवली, चादरीवर डाग पडतील याचा विचार न करता. "आजच जायाचं. उद्या नाय. आनि आता यांना एकटं नाय ठेवाचं, मास्तरीनबाय."

त्याच दिवशी आम्ही गेलो. त्या ओपीडीच्या बाकावर मी पदर सावरून, तोंड भिंतीकडे करून बसले होते, कंपनीतलं कोणी दिसू नये म्हणून. शेजारी एक सिंधी बाई होत्या, उल्हासनगरच्या कॅम्प भागात कापडाचं दुकान असणाऱ्या. मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला न विचारता चिवड्याची पुडी पुढे केली. "पहली बार? पहली बार सबको ऐसे ही लगता है, भाभी. बस एक बात. ठीक लगने लगे तो दवाई अपने मन से बंद मत करना. हमने वही गलती की थी." बाकावर रिक्षावाले होते, एक बँकेतली मुलगी होती, सुनेनं आणलेली सासू होती. म्हणजे आमच्यासारखेच सगळे. मी तोंड भिंतीकडून वळवलं.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, थायरॉइड, जीवनसत्त्व, कारण कधी कधी शरीराचं दुखणंही हे रूप घेतं. मग प्रश्न विचारले. झोप? भूक? वजन? आवडायचं ते आवडतं का? निर्णय घेता येतो का? स्वतःविषयी काय वाटतं? मी रकाना भरावा तशी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तरासरशी मला कळत गेलं, की हे सगळं एकाच फळ्यावर होतं. साडेतीनची पहाट, पट्ट्याची भोकं, दुधी आणि दोडका, ओझं. तिनं सांगितलं, "काकू, हे दोन आठवड्यांच्या वर राहिलं की आम्ही त्याला स्वभाव म्हणत नाही, आजार म्हणतो. नैराश्य. त्यावर उपचार आहेत."

"पण कारण काय?" मी विचारलं. शिक्षिका ना मी. "निवृत्ती? की घर बदललं म्हणून? की मुलगा लांब आहे म्हणून? मी टाकून बोलते म्हणून?"

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. "एकच कारण सापडेल असं धरून चालू नका. मेंदूतले बदल असतात, घराण्यात असू शकतं, आयुष्यातले धक्के असतात, एकटेपणा असतो. सगळं मिळून होतं. तुमच्या एका वाक्यानं आजार झाला नाही. आणि तुमच्या एका वाक्यानं तो जाणारही नाही."

हे ऐकून मी तिथेच रडले. बरं वाटून रडले, की अपमान वाटून, अजून ठरत नाही. मग मी तिला यमुनाबाईंचं सांगितलं आणि विचारलं, की असा प्रश्न विचारणं बरोबर होतं का. तिनं सांगितलं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. तो असला तर आधीपासून असतोच. विचारलं की माणसाला सांगायला जागा होते.

घरी परतताना सुधाकर रिक्षात म्हणाला, "आईचं आठवलं." त्याच्या लहानपणी त्याची आई सहा महिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून होती. लोक म्हणायचे, बाईला गर्व झालाय. मग आपोआप उठली आणि भाकऱ्या थापू लागली. त्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही. बिचारी सासूबाई. कोणी तिला विचारलंसुद्धा नसेल. मला त्या दिवसापासून तिच्याविषयी जितकी माया वाटली, तितकी ती होती तेव्हा कधी वाटली नव्हती.

जांभळं संपली तरी फरक नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळीला काही आठवडे लागतात, घाई करू नका. घाई करू नका हे मला सांगणं म्हणजे कावळ्याला गाणं शिकवणं. पण मी शिकले. गोळ्या माझ्या ताब्यात, आठवड्याला दवाखाना, बोलायला समुपदेशक. बहीण येऊन राहिली, मुलगा पंधरा दिवस घरून काम करत बसला, आणि दर दुपारी यमुनाबाई चहाला यायच्या. त्या काही उपदेश करत नसत. भाताची रोपं, सुनेची भांडणं, वांगणीच्या बहिणीचं गुडघ्याचं दुखणं. सुधाकर ऐकतोय की नाही, याची त्यांना फिकीर नसे. मी मात्र एक गोष्ट सोडली, 'लोकांकडे बघ' म्हणायची.

आषाढातल्या एका संध्याकाळी मी भात लावत होते. सुधाकर खिडकीत उभा राहिला, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि वैतागून म्हणाला, "काय घाण वास येतोय! कोणीतरी गॅस सोडलाय हवेत. या लोकांना काही लाजच नाही." आमच्या भागात पावसाळी संध्याकाळी कारखान्यांचा असा वास येतो, सगळे खिडक्या लावतात आणि शिव्या देतात. मी कुकरचं झाकण हातात धरून उभी राहिले. चार महिन्यांत या माणसानं कशावरही चिडचिड केली नव्हती. त्या घाणेरड्या वासाला मी मनोमन हात जोडले.

पुढे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. दुसऱ्या वर्षी त्याला बरं वाटलं आणि त्यानं मला न सांगता गोळ्या सोडल्या. पुन्हा साडेतीन, पुन्हा अंधारात हॉल. पण आता मी ते लक्षण कारण म्हणून लिहिणार नव्हते. तिसऱ्याच दिवशी आम्ही त्या बाकावर होतो. यावेळी चिवड्याची पुडी मी नेली होती, आणि शेजारी तोंड भिंतीकडे करून बसलेला एक तरुण नवरा होता.

ती वही मी त्याला परत दिली. म्हटलं, मला यातलं काही येत नाही, तूच बघ. खोटं आहे, मला सगळं येतं, मेन व्हॉल्व्ह मी डोळे मिटून बंद करीन. पण मंगळवारची टाकी त्यानंच तपासायची असं ठरलं आहे.

आज सकाळी सहाला जाग आली तर पलंगाची त्याची बाजू रिकामी. चार वर्षं झाली तरी माझं काळीज लक्कन हलतंच, आणि ते हलणार, हे मी आता मान्य केलं आहे. मागच्या खिडकीतून हाक ऐकू आली, "मास्तरीनबाय, खाली या! जाऊबायचा गुडघा धरलाय, कोपरा मोकला हाय." बत्तीस वर्षं मी लोकांना सांगितलं काय करायचं ते, चादर कधी धरली नव्हती. गाऊनवर ओढणी घेऊन तशीच खाली गेले.

समोरच्या कोपऱ्यावर सुधाकर. डावीकडे यमुनाबाई, उजवीकडे सून. वर दीर फांदीवर पाय रोवून बसलेले. चादर इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणालाच सांगता येणार नाही. फांदी हलायच्या आधीच्या त्या क्षणभराच्या शांततेत मी त्याला विचारलं. आता मी विचारते. यमुनाबाईंच्याच शब्दांत विचारते, दर थोड्या दिवसांनी, आणि चारचौघांत विचारायलाही लाजत नाही.

"सुधाकर, जीव नकोसा वाटतो का रे?"

त्यानं घाईनं 'छे छे' म्हटलं नाही. त्यानं विचार केला. मला धीर येतो तो त्याच्या या विचार करण्यानं.

"परवा दुपारी थोडं जड होतं," तो म्हणाला. "तुला सांगणार होतो. आज नाही." मग माझ्या हातांकडे बघून शिफ्ट इनचार्जच्या आवाजात ओरडला, "ढिला सोडू नकोस! दोन्ही हातांनी धर. आता पडतील."